इंजिन कापलेला फोटो

रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांचे काही अलिखित नियम असतात. ऊन पाठीशी हवं. गाडी जरा तिरकी यावी, म्हणजे इंजिनाचं तोंडही दिसतं आणि मागचे डबेही. इंजिनाचा नंबर वाचता यायला हवा. आणि मधे माणूस नको. दोन तास उन्हात थांबावं, गाडी वळणावर दिसावी आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पिशवी घेऊन समोर यावं, यासारखं दुःख आम्हा लोकांना दुसरं नाही.

हा छंद निवांत वाटतो, पण त्यात सतत एक घाई असते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला विजेवरची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तीच वीज नव्वद वर्षं राहिली. मग टप्प्याटप्प्यानं २५ हजार व्होल्टची एसी आली आणि फक्त डीसीवर चालणारी घाटातली जुनी इंजिनं बघता बघता दिसेनाशी झाली. कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी रुळांची लाइन १८९७ची. आज तिथून ब्रॉडगेज गाड्या जातात. सोय झाली हे खरंच, पण ती छोटी गाडी गेली. 'पुढच्या वेळी काढू' म्हणून सोडलेली गाडी पुढच्या वेळी असेलच, याची खात्री नसते.

याच घाईत एका हिवाळ्यात मी मूर्तिजापूरला उतरलो. हे मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन. इथून नॅरोगेजचा एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला जायचा. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लागावा म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ही लाइन टाकली. विदर्भात तिला सगळे 'शकुंतला' म्हणतात. १९९४पर्यंत ती वाफेवर चालली, नंतर डिझेलवर. अचलपूरचं अंतर ७६ किलोमीटर आणि वेळ चार तासांच्या आसपास. बसनं लवकर पोचता यायचं, पण गाडीचं तिकीट स्वस्त होतं. त्यामुळे डब्यात पोती होती, शाळेची पोरं होती, लेकीकडे निघालेल्या म्हाताऱ्या होत्या.

या गाडीची एक गंमत होती. वाटेतल्या फाटकांवर माणूस नेमलेला नसे. फाटक आलं की गाडी आधी थांबायची. गाडीवरचाच एक कर्मचारी खाली उतरायचा, चालत पुढे जाऊन फाटक लावायचा. गाडी रस्ता ओलांडून पुन्हा थांबायची. तो फाटक उघडायचा आणि मागून येऊन चढायचा. अशा एका फाटकावर मीही उतरलो आणि पुढे जाऊन कॅमेरा लावला. ऊन चांगलं होतं, इंजिन झकास दिसत होतं, फक्त डाव्या बाजूला तो फाटकवाला फ्रेममध्ये आला. खाकी शर्ट, काखेत गुंडाळलेलं झेंडं, एक हात फाटकाच्या दांडीवर.

पुढे काही वर्षांत शकुंतला थांबली. तेव्हा मी तिचे फोटो लोकांना पाठवले, प्रत्येकाखाली जागा आणि तारीख लिहून. फोटो एकाकडून दुसऱ्याकडे गेले. एके दिवशी अनोळखी नंबरवरून मेसेज आला, ''हा फोटो तुम्ही काढला का जी? फाटकाजवळ आमचे बाबा आहेत.''

मी फोन केला. चेहरा तर फोटोत नीट दिसत नव्हता. तिनं त्यांना उभं राहण्याच्या पद्धतीवरून ओळखलं होतं, एका पायावर सगळा भार देऊन. वडील वारले होते. घरात त्यांचे फोटो होते. एक लग्नातला, एक आधार कार्डावरचा. पण कामावरचा एकही नव्हता. ''बाबा गाडीवर होते, हे माझ्या मुलाला नुसतं सांगूनच माहीत आहे,'' ती म्हणाली.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो दबून बारीक होतो, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट करून पाठवली. आठवड्यानं तिनं भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो पाठवला. फ्रेममध्ये बाबा होते, फाटकाची दांडी होती, मागे बाभळीचं झाड होतं. इंजिन नव्हतं. स्टुडिओवाल्यानं ते कापून टाकलं होतं.

पहिल्यांदा मी मोठ्यानं हसलो. ज्या इंजिनासाठी रात्रभर प्रवास केला, ते या घराच्या दृष्टीनं मधे आलेलं होतं! मग तो कापलेला फोटो बराच वेळ बघत बसलो. त्या इंजिनाचे फोटो माझ्यासारख्या कित्येकांकडे आहेत. जुनी इंजिनं जपायला दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. पण थांबलेल्या गाडीतून उतरून फाटक लावणं, उघडणं आणि मागून येऊन पुन्हा चढणं ही एका माणसाची रोजची नोकरी होती. गाडीबरोबर ती नोकरीही संपली. ती कुठल्या दालनात ठेवणार?

ऊन पाठीशी घ्यायचा नियम मी अजून पाळतो. इंजिनाचा नंबर अजूनही लागतोच. फक्त गाडी निघून गेली की लगेच कॅमेरा बंद करत नाही. फलाटावर उरलेली माणसं, तिकिटाची खिडकी, पाण्याचा माठ यांचे चार फोटो काढतो. ओळख झालीच तर विचारून चेहऱ्याचाही काढतो आणि त्यांना पाठवतो.

तुमच्या फोनमध्येही असा एखादा फोटो असेल. गावच्या स्टँडचा, बंद पडलेल्या टॉकीजचा, कडेला कुणीतरी अर्धवट आलेलं. तो नीट करायला घ्याल तेव्हा मूळ फाइल राहू द्या आणि खाली जागा, तारीख लिहा. फोटो आपण काढतो, पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय कापायचं हे कधी कधी दुसऱ्याच घरात ठरतं.