जाणतेपणाची मजुरी

साहित्याच्या वर्गात आम्ही श्रमाविषयी पुष्कळ बोलतो. बहिणाबाईंच्या 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी' या कविता शिकवताना शेतीची कामेच येथे शीर्षके झाली आहेत, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. परंतु त्या कामांना लागणारे जाणतेपण कोणाचे आणि त्याचे मोल कोणी ठरवायचे, हा प्रश्न आमच्यापुढे कवितेतून आला नाही. तो साक्री तालुक्यातील आमच्या कांद्याच्या वावरातून आला. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वडिलोपार्जित जमीन हाती आल्यापासून परीक्षांच्या वेळापत्रकाबरोबर कांद्याचेही वेळापत्रक सांभाळतो.

उन्हाळी कांद्याची लावणी डिसेंबर-जानेवारीत होते. १५ बाय १० सेंटिमीटरचे अंतर धरले, तर एकरी अडीच लाखांहून अधिक रोपे हाताने लावावी लागतात. बायांची टोळी हे काम एकराच्या हिशेबाने उक्ते घेते. रोप सहा-सात आठवड्यांत लावणीस येते आणि मग ते कोणासाठी थांबत नाही; टोळीही एकाच शेतकऱ्याची नसते. म्हणून लावणीचा विचार रोप टाकण्यापूर्वीच करायचा, हे आम्हाला टोळीच्या मुकादम मावशींनी शिकवले. सगळे रोप एका दिवशी न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकावे, म्हणजे टोळीला दोन खेपांत काम उरकता येते आणि रोपही जून होत नाही, हा त्यांचा हिशेब. तो कोणत्याही वहीत लिहिलेला नाही.

काढणीच्या वेळी तर कसोटीच असते. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला पालटते, सासुरवाशिणी माहेरी निघतात आणि नेमका त्याच सुमारास कांदाही काढणीस येतो. एका वर्षी आखाजी तोंडावर आली होती, बाजारभाव बरा होता, आजूबाजूची वावरे मोकळी होत होती. मावशी वाफ्यांतून फिरल्या आणि थांबा म्हणाल्या. निम्म्या माना अजून पडल्या नव्हत्या. सणानंतर टोळी आणण्याचा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. काढलेला कांदा पातीखाली सुकवला, बोटभर नाळ ठेवून पात कापली, डेंगळे आणि जोडकांदे वेगळे केले. चाळीत गेलेला माल पावसाळाभर टिकला.

हिशेब करताना मात्र लक्षात आले, की थांबण्याच्या त्या सल्ल्याची उक्त्यात कोठेच नोंद नाही. उक्ते एकर मोजते. पारख मोजत नाही. आम्ही हंगामाआधीच्या फेऱ्यांसाठी मावशींना वेगळी रक्कम देण्याचे ठरवले. त्यांनी ती मान्य केली, पण एक अट घातली: हे सगळ्या टोळीसमोर सांगायचे. नाहीतर मुकादमीण आपल्या मजुरीतून काढून घेते, असे बायांना वाटेल. पैसा आणि विश्वास यांचा इतका नेमका विचार आम्हाला सुचला नव्हता.

आसोद्याच्या बहिणाबाईंचे जाणतेपण घरच्या शेतात रुजलेले होते. ते पुढे १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' या नावाने साऱ्या महाराष्ट्रापुढे आले. टोळीतील बाई मात्र दुसऱ्याच्या वावरात जाणती असते. पीक तिचे नाही, चाळ तिची नाही, भाव चढला तरी तो तिचा नाही. समीक्षेत आपण याला सहजपणे 'अनुभवविश्व' म्हणतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. त्या अनुभवाचा दर काय, असे विचारणे वर्गात कदाचित अरसिकपणाचे वाटेल. आम्हाला आता तसे वाटत नाही. श्रमाचे गौरवगान करणाऱ्याने निदान आपल्या बांधावर तरी हा प्रश्न टाळू नये. यापुढे आमच्याकडे रोप टाकण्याची तारीख मावशींना विचारूनच ठरते, आणि उक्त्याच्या कागदावर एकरांच्या आकड्याखाली त्यांच्या फेऱ्यांची स्वतंत्र ओळ असते.