शेवटचे ताट

दिवेलागण झाली की तुमच्याही घरी हाच प्रश्न उभा राहत असेल : आज रात्री काय करायचे? भगिनींनो, लग्न झाल्यापासून मी हा प्रश्न चुलीपुढे बसल्यावरच सोडवीत आले. हाताशी येईल ते शिजवायचे. पुरुष आणि धाकटी दोघे आधी जेवत. मागून सासूबाई, थोरली लेक आणि मी. आमच्या वाट्याला भाकरी पोटभर असे, कालवण मात्र पातेल्याच्या तळाचे. त्यात कधी वावगे वाटले नाही.

मग शाळेत मुलींची तपासणी झाली. थोरलीचे वय १३. तिचे हिमोग्लोबिन ९ निघाले. या वयाला ते निदान १२ हवे. घरात बाजरीची कणगी भरलेली, दारात शेवगा, आणि पोर फिकट! डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "काल रात्री ही काय जेवली?" मला भाकरी आणि चटणीपलीकडे काही सांगता येईना.

त्या दिवसापासून मी आठवड्याची आखणी करते. आमचा बाजार गुरुवारी. पालेभाजी टिकत नाही, म्हणून गुरुवारी मेथी आणि शुक्रवारी मुगाची डाळ घालून शेपू. शनिवारी वांगी-बटाटा, त्याच रात्री मटकी भिजत टाकायची. रविवारी सकाळी ती उपसून फडक्यात बांधायची आणि रात्री अंड्यांचा रस्सा करायचा. सोमवारी मोड आलेल्या मटकीची उसळ. मंगळवारी दारच्या शेवग्याच्या पाल्याची भाजी. तिला पैसा लागत नाही. बुधवारी टोपली रिकामी, तेव्हा वरणफळे. मुले त्या दिवसाची वाटच पाहतात.

लहानथोरांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. तिखट घालण्याआधी मुलांपुरते काढून ठेवते. मामंजींना दात नाहीत; त्यांची उसळ थोडी जास्त शिजवून घोटते, भाकरी त्यात कुस्करली की झाले. पालेभाजी आणि कडधान्यातले लोह अंगी लागायला लिंबू किंवा आवळा मदत करतो, म्हणून ताटात लिंबाची फोड असते. जेवणाला लागून घेतलेला चहा उलट ते लोह अडवतो. तो आता लवकर उरकतो.

पण नुसत्या आखणीने काय होणार? वाटणी तीच राहिली असती, तर मेथीही तळाचीच मिळाली असती. म्हणून एके रात्री मी सातही ताटे एकदमच वाढली. मामंजी म्हणाले, "सूनबाई, आज कालवण कमी केलंस का?" मी गप्प. सासूबाईच म्हणाल्या, "कमी नाही, आज सगळ्यांना सारखं आलंय." कोणी पुढे काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी डाळ एक वाटी जास्त घालू लागले.

तीन महिन्यांनी लेकीचे हिमोग्लोबिन ११ झाले. गोळ्यांचा गुण आहेच, पण ताटाचाही आहे. अजून एकाची उणीव आहे. गोळ्या चालू आहेत.

भगिनींनो, आज रात्री भांडी आवरण्याआधी एवढेच पाहा, की शेवटच्या ताटात काय आले आणि ते ताट कोणाचे होते. पुढच्या आठवड्याची आखणी त्या ताटापासून सुरू करा.