आत्या म्हणाली, तोंड उघड

दादरच्या फुलबाजारात पहाटे अंधारातच माल उतरायला लागतो. आमचं घर तिथून दोन गल्ल्या आत. लग्न होऊन नगरहून आले तेव्हा त्या आवाजाने जाग यायची, मग सवय झाली. २०२३ च्या डिसेंबरात मात्र मी त्या आवाजाच्याही आधी जागी असायचे. साडेतीनला डोळे टक्क उघडायचे. छातीत धडधड, तळहात ओले, आणि काहीतरी भयंकर होणार ही खात्री. काय होणार, ते सांगता यायचं नाही. टेम्पोची फळी खाली आपटली, हमालांच्या हाका सुरू झाल्या की वाटायचं, चला, कुणीतरी जागं आहे.

त्याच महिन्यात दादर स्टेशनच्या फलाटांना सलग आकडे दिले. मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला. चार दिवस सगळेच गोंधळले होते. मी पुलावर पाटीखाली उभी राहिले आणि पाय उचलेना. आठ म्हणजे कुठला, हे कळत होतं, तरी जिना उतरता येईना. श्वास वरच्या वर अडकला. फुलांची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईने मला कठड्याशी बसवलं, पाणी दिलं. शाळेत शिकवायला त्या दिवशी गेले नाही. नंतरही बरेच दिवस गेले नाही.

भीतीच्या मागोमाग उदासी आली. वह्या तपासायच्या राहिल्या. भाजीला चव लागेना. उपासना संगीत या आमच्या गीतपुस्तकातली रेव्हरंड टिळकांची गीतं मला पोरवयापासून पाठ. रविवारी चर्चमध्ये ओठ हलायचे, सूरही लागायचा, पण आत काही पोचायचं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं. प्रभूनेच पाठ फिरवली असं वाटायचं.

शुक्रवारच्या प्रार्थना सभेत बायकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण नंतर चहा घेताना त्यांच्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "त्या डोक्याच्या गोळ्या घेऊ नकोस हं. एकदा गोळीवर भरवसा ठेवलास की प्रभूवरचा गेला." मी मान डोलावली. मला ते पटलंच होतं. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिलं की चिंता करू नका. तो साखळदंडात असून चिंता करत नव्हता, आणि मी पंख्याखाली, भरल्या घरात, साडेतीनला थरथरत होते. म्हणजे विश्वास माझाच कमी. गोळी घेणं म्हणजे त्यावर सहीशिक्का.

जानेवारीतल्या एका रात्री उद्या उठूच नये असं मनात आलं. त्या विचाराची मला इतकी भीती वाटली की न्हाणीघरात जाऊन १४४१६ लावला. टेलि-मानस, सरकारचा चोवीस तासांचा फोन. २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या मुलीने आडपडदा न ठेवता विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" इतके दिवस कुणी तो प्रश्न विचारला नव्हता. मी रडले, मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घरात आत्ता कुणाला तरी उठवा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा." मी नवऱ्याला उठवलं.

दुसऱ्या दिवशी तो मला परळला के.ई.एम.ला घेऊन गेला. मानसोपचार विभागातल्या डॉक्टर बाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, कारण तिथे गडबड असली तरी अशी लक्षणं दिसतात. रिपोर्ट ठीक आले. मग त्यांनी एस्सिटालोप्रॅम लिहून दिली, सुरुवातीला पाच मिलिग्रॅम. गुण यायला काही आठवडे लागतील, पहिल्या दिवसांत मळमळेल, थोडं जास्तच घाबरल्यासारखंही होईल, आणि मला विचारल्याशिवाय मध्येच बंद करायची नाही, असं दोनदा सांगितलं. सवय लागेल का, असं मी विचारलं. या गोळीचं व्यसन लागत नाही, म्हणाल्या, पण शरीर तिला सरावतं म्हणून सोडताना हळूहळू सोडायची.

मी गोळ्यांचं पाकीट घरी आणलं आणि उपासना संगीताच्या पुस्तकाखाली ठेवलं. अकरा दिवस ते तिथे राहिलं. रोज रात्री पुस्तक उचलायचे, पाकीट बघायचे, पुस्तक परत ठेवायचे. नवरा विचारायचा, घेतलीस? मी हो म्हणायचे.

त्यानेच शेवटी आत्याला फोन केला. आत्या निवृत्त नर्स, मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात शिकलेली. महालक्ष्मीने सकाळी दादरला उतरली, पिशवी ठेवली, चहासुद्धा नको म्हणाली. पाकीट मागितलं, उजेडाकडे धरून बघितलं. दहाच्या दहा गोळ्या. ओरडली नाही.

"आम्ही थिएटरात असताना," ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची. डॉक्टर, आम्ही नर्सा, वॉर्डबॉय, सगळे डोळे मिटून. आमेन झालं की डॉक्टर हात पुढे करायचे आणि मी सुरी द्यायची. प्रार्थना झाली, आता सुरी नको, असं एकदाही कुणी म्हटलं नाही गं."

मी काही बोलले नाही. मिरजेचं ते हॉस्पिटल १८९४ चं. नगर, वाई, जालना, कुठेही नर्स नसलेलं मराठी ख्रिस्ती घर शोधावं लागतं. आमच्या आज्यांनी कॉलऱ्यात, प्लेगमध्ये लोकांची शुश्रूषा केली. मिशनच्या दवाखान्यावर आमचा समाज उभा राहिला, आणि त्याच समाजातली मी एका पांढऱ्या गोळीला देवाविरुद्धची साक्ष समजत होते. पोट फाडायला प्रार्थनेची आडकाठी नव्हती. मनालाच का? मला वाटतं, मनाला आपण शरीराचा भाग धरतच नाही. त्याला थेट देवाचा प्रांत समजतो, आणि तिथे दुखलं की गुन्हा शोधतो.

आत्याने पाण्याचा पेला भरला. गोळी दाबली, पाकिटाचा चांदीचा कागद टर्रकन फाटला. तिने ती माझ्या हातावर दिली नाही, बाटलीच्या झाकणात ठेवली, वॉर्डात देतात तशी. डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना केली. आमेन म्हणाली आणि लगेच, "तोंड उघड." गिळल्यावर परत म्हणाली, "उघड, जीभ उचल." ती दहा दिवस राहिली आणि दहाही दिवस जीभ उचलायला लावली.

पहिला आठवडा कठीण गेला. मळमळ, तोंड कोरडं, पोटात खड्डा. दुसऱ्यात डोस दहावर गेला. त्या दिवसांत मी एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली. तो रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला विश्वासाबद्दल एक शब्द बोलत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण भाकर माझ्या लक्षातच आली नव्हती.

पाचव्या आठवड्यात एका पहाटे फळी आपटल्याच्या आवाजाने मला जाग आली. म्हणजे तोवर मी झोपले होते. मी अंथरुणात पडूनच हमालांच्या हाका ऐकल्या. निशिगंध, निशिगंध, असं कुणीतरी ओरडत होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी पहिल्या दिवशी हजर होते. फलाट आठ. गोळी चालूच होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायची.

त्या महिन्यात एका रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी उठले. साक्षीत नेहमी आजार संपलेला असतो, लोक आभार मानायला उभे राहतात. माझा संपलेला नव्हता. मी म्हणाले, मला नैराश्याचा आजार आहे, मी रोज रात्री प्रार्थना करते आणि एस्सिटालोप्रॅमची गोळी घेते, आणि दोन्हींबद्दल प्रभूची आभारी आहे. वडीलधाऱ्या बाई दुसऱ्या बाकावर होत्या, त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. कुणी हालेलुया म्हटलं नाही. पाळकांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला, पेटी सुरू झाली. मी खाली बसले आणि पुस्तक उघडलं.