दोन चेरी आणि एक कोरी पट्टी

अत्तर पारखून घेणाऱ्या घरात मी वाढले. माझी ८२ वर्षांची आई डोळे मिटून हिना आणि खस वेगळे सांगत असे. म्हणूनच माझ्या लेकीने परदेशातून आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक आजीनेच निवडावी, असे ठरले. एक टॉम फोर्डची २०१८ सालची ‘लॉस्ट चेरी’, दुसरी गेर्लँची ‘ला पेतीत रोब न्वार’. दोन्हींत काळी चेरी, दोन्ही गोड.

चेरीचा म्हणून आपण जो वास ओळखतो, तो बव्हंशी बेन्झाल्डिहाइडचा. कडू बदामाचा वासही त्याचाच. पहिलीत तो मद्यात मुरलेल्या फळासारखा दाट आहे, दुसरीत गुलाब आणि धुरकट चहाची सोबत आहे. (मला विचाराल तर पहिली जरा उग्रच.) कागदाच्या पट्टीवर फवारून अर्धा तास थांबावे, पहिला दरवळ ओसरल्यावर मूळ गंध कळतो.

आईने दोन्ही पट्ट्या नाकाशी धरल्या. “छान आहेत.” पण कोणती अधिक? ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. न राहवून मी तिसरी पट्टी पुढे केली, कोरी.

“हीसुद्धा छान आहे,” ती म्हणाली.

गेले वर्षभर तिला आमटी बेचव लागत होती. दोनदा दूध करपले, तरी शेजारच्या खोलीत बसलेल्या तिला कळले नव्हते. आम्ही सारे विसराळूपणावर ढकलले होते! वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते, हे खरे. परंतु नाकाचे विकार आणि काही औषधेही तिला कारण होतात, आणि कधी कधी कंपवाताची किंवा अल्झायमरची ती आगाऊ खूण असते. म्हणून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे गेलो. तूर्त तरी वयाचेच कारण निघाले. सिलिंडरच्या वायूत मुद्दाम मिसळलेली दुर्गंधी तिला जाणवणार नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवले. स्वतःला वास येईना की हात सैल सुटतो. तेव्हा अत्तरही आता मीच लावते, पदरावर एकच फवारा.

निवड मात्र राहिलीच होती. आई म्हणाली, “रात्री माझे पाय चेपायला तूच बसतेस ना? मग तुला आवडेल ती लाव.”

मी ‘न्वार’ची बाटली उघडली. दुसरी लेक परत घेऊन गेली.