डोंग्याचा रंग

समुद्र मागे टाकून वाशिमला आलो, तेव्हा होडीशी पुन्हा संबंध येईल असे वाटले नव्हते. माझे वडील वसईच्या पाचूबंदरचे कोळी. मी सेमिनरीत गेलो. पावसाळा सरत आला की ते पत्रात विचारीत, ‘होडीला रंग लावायला येशील का?’ मी कधीच गेलो नाही. पुढे ती होडी किनाऱ्यावरच कुजली.

एकबुर्जी जलाशयाच्या काठी एका वृद्ध भोईबाबांचा लाकडी डोंगा पालथा पडलेला दिसला.

“फादर, हा आता चुलीतच जाईन,” ते म्हणाले.

“बाबा, एकदा पाहू तरी!”

उन्हाळ्यात आम्ही कामाला लागलो. जुना रंग खरवडला, कुजलेल्या दोन फळ्या बदलल्या. फटींतील सडका कापूस उकरून राळ-तेलात भिजवलेला नवा कोंबला. वडील मुशीचे तेल चोपडीत. येथे जवसाचे होते. ते मुरून सुकल्यावरच निळा रंग दिला.

डोंगा पाण्यात सोडताच तळाशी पाणी झिरपू लागले. मी खजील झालो. बाबा मात्र हसले. “थांबा फादर, लाकूड पानी पिऊन फुगन, मंग फट आपोआप बुजन.”

कोळ्याच्या मुलाला हे भोयाने सांगावे! दुसऱ्या सकाळी साचलेले पाणी उपसले. नवे आले नाही.

उरलेला रंग मी जपून ठेवला आहे. पुढल्या वर्षी बाबांनी विचारण्याआधीच जायचे आहे.