सीडीसी

पासपोर्ट एवढंच सांगतो, की माणूस कुठला. तो काय काम करतो, कुठल्या बोटीवर होता, कधी चढला, कधी उतरला, हे जाणून घ्यायचं तर सीडीसी उघडावी लागते. तिचं पूर्ण नाव कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट. पण वेंगुर्ल्यापासून काणकोणपर्यंत ज्या घरातला मुलगा बोटीवर आहे, त्या घरात तिला या नावाने कुणी हाक मारत नाही. ‘सीडीसी निघाली’ म्हटलं की आजीलासुद्धा कळतं, नातू आता जाणार.

ती सहजासहजी निघत नाही. आधी आग विझवण्याचं, समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घ्यायचं, सरकारी नोंदणी क्रमांक मिळवायचा, मग शिपिंग मास्टरच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा. ही कार्यालयं देशात तीनच शहरांत: मुंबई, कोलकाता आणि चेन्नई. आता अर्ज ऑनलाइन भरता येतो. पूर्वी गोव्याची माणसं या कामासाठी मुंबईला येऊन धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, उतरायची आणि बॅलार्ड इस्टेटच्या खेपा घालत राहायची. एकदा हातात आली की सीडीसीचं आयुष्य दहा वर्षांचं. त्या दहा वर्षांत ती जितके देश बघते तितके तिच्या गावच्या तलाठ्यानेही कागदावर पाहिलेले नसतील.

तिचं पान जवळून बघावं. आडव्या ओळीत बोटीचं नाव, बोट नोंदलेलं बंदर, हुद्दा, साइन ऑनची तारीख, साइन ऑफची तारीख, बोटीचा गोल शिक्का आणि कप्तानाची सही. शिक्क्याची शाई कधी इतकी ओली राहिलेली असते, की समोरच्या पानावर त्याचं उलटं वर्तुळ उमटतं. अशा एका ओळीत केवढं जग मावतं. मुलगा सावंतवाडीचा, बोटीची नोंदणी बहामाच्या नासाऊला, कंपनीचं ऑफिस मायामीत आणि काम अलास्काच्या किनाऱ्याने. क्रूझचा धंदा ऋतूंवर चालतो. साधारण मे ते सप्टेंबर अलास्का, थंडी पडली की त्याच बोटी खाली कॅरिबियनकडे. सीडीसीतल्या तारखा ओळीने वाचल्या तर हा ऋतुचक्राचा हिशेब दिसतो आणि शेजारच्या रकान्यात माणसाची चढणही दिसते: गॅली युटिलिटी, मग असिस्टंट वेटर, मग वेटर. भांडी घासण्यापासून पाहुण्यांच्या टेबलापर्यंतचं अंतर तिने शब्द न वाढवता लिहून ठेवलेलं असतं. मला तिचा हा स्वभाव फार आवडतो. ती कौतुक करत नाही आणि केलेलं काम विसरतही नाही.

तिची खरी परीक्षा होते ती मायामी किंवा सिॲटलच्या इमिग्रेशनच्या रांगेत. चोवीस-चोवीस तासांचा प्रवास करून आलेली ही मुलं लगेच ओळखू येतात. पासपोर्ट, कंपनीचं नेमणूकपत्र आणि सीडीसी, तिन्ही एकावर एक, छातीशी धरलेली. रांगेत एखादा जुना माणूस असतोच. तो पुढच्या नवख्याला हळूच म्हणतो, “झिला, सीडीसी भायर काढून हातात धर. थंय मागल्यानी तर बॅगेत शोधीत रवशीत.” पोरगा बॅगेची चेन उघडतो, कपड्यांखाली हात घालतो. त्याची सीडीसी नवी, पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

काउंटरवरचे प्रश्न मोजके. कुठली बोट? कुठल्या बंदरात चढणार? काम काय? पासपोर्टमध्ये सी-वन-डी व्हिसा असतो. सी-वन म्हणजे बोट गाठण्यापुरता प्रवास, डी म्हणजे बोटीवरचा कर्मचारी. या व्हिसावर किनाऱ्यावर राहायला मिळतात ते जास्तीत जास्त 29 दिवस. दरवेळी अधिकारी सीडीसी उघडतोच असं नाही. पण उघडली, तर जुन्या माणसाची बाजू तीच मांडते. गेल्या खेपेला कुठे चढला, कधी उतरला, मधल्या काळात कुठे होता, सगळं शिक्क्यासकट. नवख्याची सीडीसी कोरी असते, म्हणून त्याला दोन प्रश्न जास्त येतात. तोंडाने पाठ केलेली उत्तरं अशा वेळी अडखळतात. त्यात त्या पोराचा काही दोष नाही.

एवढी बोलकी साक्षीदार असूनही अमेरिकेच्या काउंटरवर तिचा अधिकार तोकडाच पडतो. खलाशाला जगभर ओळखपत्र असावं आणि त्याच्या आधारावर बंदरात उतरू द्यावं, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1958 च्या करारात लिहिलं. अमेरिकेवरच्या 2001 च्या हल्ल्यानंतर ओळख पक्की करण्यासाठी 2003 मध्ये तो करार नव्याने बांधला गेला. किनाऱ्यावर तात्पुरतं उतरायला व्हिसा लागू नये, हे त्यातही राहिलं. भारताने तो स्वीकारला आणि 2019 पासून चेहऱ्याची बायोमेट्रिक नोंद असलेलं वेगळं कार्डही काढलं. अमेरिकेने या दोन्ही करारांना मान्यता दिलेली नाही. म्हणून तिथे व्हिसा हवाच. मला हे अन्यायाचं वाटतं. महिनोन्‌महिने सुट्टीशिवाय राबणाऱ्या माणसाला दोन तास जमिनीवर चालून येणं, घरी निवांत फोन करणं ही गरज आहे. 2020 मध्ये बंदरं मिटली तेव्हा कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटींवर अडकलेल्या खलाशांचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज चार लाखांवर गेला होता. त्यांच्या सीडीसींत साइन ऑफचा रकाना महिनोन्‌महिने रिकामा राहिला.

इमिग्रेशन झालं की कस्टम्स. इथे सीडीसीचा शब्द चालत नाही, इथे बॅग बोलते. सुके बोंबील, मसाला, आंब्याचं लोणचं, आणि आईने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला परसातला कढीपत्ता. मांस नेता येत नाही, त्यामुळे गोव्याचं चोरीस घरीच ठेवावं. कढीपत्त्याचं कारण मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याच्या पानांवर एक बारीक कीड राहते आणि ती लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवते. हा रोग 2005 मध्ये फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. म्हणून मायामीला कढीपत्त्याची जुडीही गंभीर बाब ठरते. पट्ट्याशी बीगल कुत्रं हुंगत येतं आणि बॅगेपाशी बसतं. आधीच सांगितलं तर पानं टोपलीत जातात आणि माणूस पुढे जातो. लपवलं तर दंड होतो. बाहेर पाटी धरून उभ्या असलेल्या एजंटची गाडी सुटायची भीती ती वेगळीच. आईला फोनवर यातलं काही सांगत नाहीत. कढीपत्ता पोचला, असंच सांगतात.

बंदरात बोटीवर चढलं की पासपोर्ट आणि सीडीसी दोन्ही क्रू ऑफिसात जमा होतात. कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत ती तिथल्या कपाटात, शेकडो जणींच्या रांगेत. फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, भारताची. उतरायच्या आदल्या दिवशी नवी ओळ भरून ती परत मिळते. तेव्हा प्रत्येकजण आधी तारखा तपासतो, हुद्दा नीट लिहिलाय का बघतो, मग सही. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी लागते, कारण घरी गेल्यावर कप्तान कुठे शोधणार?

दहा वर्षांनी नवी सीडीसी निघते. जुनी कुणी टाकत नाही. पुढची कंपनी समुद्रावरच्या सेवेचा पुरावा मागते आणि तो जुन्याच पानांत असतो. म्हणून अनुभवी माणूस दोन्ही रबरबँडने एकत्र बांधतो, आणि काउंटरवर कोरी वर ठेवून जुनी खाली सरकवतो, लगेच काढता येईल अशी.