टेन्शन आणि माझं इसब

‘टेन्शन घेऊ नका, खाज आपोआप थांबेल’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. लहानपणापासून इसब अंगावर वागवलेल्या बाईला हे वाक्य फार लागतं. कोपराच्या खळग्यातली कातडी सोलवटलेली असते, गुडघ्यामागून रक्त येत असतं, आणि समोरचा सांगतो की हे सगळं मनाचं आहे! त्यामुळे मी वर्षानुवर्षं हट्टाने सांगत आले, हा ॲलर्जीचा आजार आहे. धूळ, घाम, लोकर काय ती नावं घ्या, मनाला मध्ये आणू नका.

हे मत हललं ते जपानमधल्या एका पाहणीमुळे. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. त्यानंतर तिथल्या डॉक्टरांनी इसबाच्या चौदाशेहून जास्त रुग्णांची माहिती घेतली. मोठी पडझड झालेल्या भागात ३८ टक्के रुग्णांचा आजार बळावला होता, किरकोळ नुकसानीच्या भागात ३४ टक्क्यांचा, आणि जिथे नुकसानच नव्हतं तिथे फक्त ७ टक्क्यांचा. मी लगेच पळवाट शोधली. ढिगाऱ्यांची धूळ असणार, मलमं मिळाली नसणार, आंघोळीला पाणी नसणार. काही अंशी तसं असेलही. पण जिथे घरं जवळपास शाबूत होती, तिथेही आकडा एवढा मोठा का? तिथे माणसं धास्तावलेली होती, हे उत्तर मला टाळता येईना.

मग वाचत गेले. कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिनने भरलेल्या असतात आणि आयजीई प्रतिपिंडांमुळे त्या ते बाहेर टाकतात, एवढं ठाऊक होतं. पण या पेशी मज्जातंतूंच्या टोकांना खेटून असतात, हे माहीत नव्हतं. ताण आला की त्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’सारखी रसायनं सुटतात, आणि मास्ट पेशी आयजीईची वाट न पाहताही उसळतात. दुसरी गोष्ट कॉर्टिसोलची. ताणाच्या वेळी शरीर हे संप्रेरक सोडतं आणि ते दाह आवरतं. (ज्या स्टिरॉइड मलमांना आपण घाबरतो, ती याचीच भावंडं.) जर्मनीत इसबाच्या मुलांना परक्या मोठ्या माणसांपुढे गोष्ट सांगायला आणि गणितं करायला लावलं, तेव्हा त्यांचं कॉर्टिसोल निरोगी मुलांपेक्षा कमी वाढलं. म्हणजे ऐन आगीच्या वेळी टाकी अर्धी.

हे कळल्यावर ‘मनाचं आहे’ या बोलण्याचा मला राग येईनासा झाला. मनाचं असलं तरी ते खोटं नसतं. त्यालाही पेशी आहेत, रसायनं आहेत.

सल्ला देणाऱ्यांवरचा राग मात्र आहे. नुसत्या ताणाने इसब होत नाही, असलेलं बळावतं. शिवाय खाजेने रात्र रात्र झोप नसली की ताण वाढतो, ही उलटी बाजू कुणी बोलतच नाही. म्हणून घरात कुणाला इसब असेल तर त्याला उपदेश करू नका, रात्री झोप लागली का ते विचारा. आणि आजार तुमचाच असेल तर डॉक्टरांनी झोपेबद्दल, कामाबद्दल विचारल्यावर माझ्यासारखं तोंड फिरवू नका, खरं काय ते सांगा. मलम मात्र चालूच ठेवा.